'राजकीय उदासीनता' : या चुका टाळा

'राजकीय उदासीनतेमुळे पुलाचे काम रखडले' आणि 'तरुणांमध्ये राजकीय उदासीनता वाढते आहे' ही दोन्ही वाक्ये बातम्यांत सर्रास भेटतात. पहिल्यात उदासीन आहेत ते राज्यकर्ते, दुसऱ्यात नागरिक. 'राजकीय' म्हणजे राजकारण्यांची की राजकारणाविषयीची, हे सांगितले नाही की वाचक गोंधळतो. मथळ्यात तर संदर्भही नसतो. म्हणून सरळ 'पुढाऱ्यांची अनास्था' किंवा 'राजकारणाबद्दलची उदासीनता' लिहा. दोन अक्षरे जास्त लागली तर लागू द्यात.

उदासीन म्हणजे उदास नव्हे. मूळ संस्कृत शब्दाचा रोख बाजूला बसलेल्या माणसाकडे आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला 'उदासीन' राजा तर चांगलाच बलवान असतो, फक्त इतरांच्या भांडणाबाहेर असतो. रसायनशास्त्रातही आम्ल आणि आम्लारी एकमेकांना निष्प्रभ करतात त्याला आपण उदासीनीकरणच म्हणतो. पण आजच्या राजकीय लिखाणात 'उदासीन' म्हणजे ज्याला त्यात रसच नाही असा. त्यामुळे 'तटस्थ'च्या जागी तो वापरू नका. निवडणूक अधिकारी तटस्थच हवा. तो उदासीन निघाला तर मतमोजणीचे कठीण!

'अराजकीय' हा शब्द मला तरी धोक्याचा वाटतो, कारण घाईत वाचणाऱ्याला त्यात 'अराजक' दिसते. संस्थेसाठी 'बिगरराजकीय', माणसासाठी 'राजकारणापासून अलिप्त' हे बरे.

सगळ्यात मोठी चूक मात्र मतदानाच्या टक्केवारीवरून उदासीनता मोजण्याची. ऑस्ट्रेलियात 1922 च्या निवडणुकीत मतदान 60 टक्क्यांच्या आत होते. 1924 मध्ये मतदान सक्तीचे झाले आणि 1925 मध्ये ते 91 टक्क्यांवर गेले. तीन वर्षांत लोकांना राजकारणाची एवढी गोडी लागली असेल? कायद्याने माणूस केंद्रापर्यंत येतो, त्याचा रस वाढतोच असे नाही. उलट भारतात 2013 पासून 'नोटा'चे, म्हणजे 'यांपैकी कोणीही नको' सांगणारे बटण आहे. रांगेत उभे राहून ते दाबणाऱ्याला उदासीन म्हणणे चूकच. तो नाराज आहे, वैतागलेला आहे, पण त्याचे लक्ष आहे. घरी बसलेल्यांतही कोणाचे नाव यादीत नसते, कोणाला सुट्टी मिळत नाही. कारण माहीत नसेल तर 'मतदान कमी झाले' एवढेच लिहावे.

आणि हो, 'उदासिनता' नाही, 'उदासीनता'. 'सी' दीर्घ.