टाकीतल्या माशांची रात्र: झोप कशी ओळखायची आणि कशी जपायची

काचेच्या टाकीत पाळतो त्या माशांना पापण्या नसतात. त्यामुळे मासा झोपला की जागा आहे, हे डोळ्यांवरून कळत नाही. हालचाल आणि रंग पाहावा लागतो. झोपलेला गोल्डफिश तळाजवळ तोंड किंचित खाली करून एका जागी थांबतो. बाजूचे पर हळूहळू हलत राहतात आणि अंग फिकं दिसतं. गप्पी आणि मॉली झाडांच्या आडोशाला स्थिर होतात. फायटर रुंद पानावर चक्क टेकून पडतो. निऑन टेट्राची निळी पट्टी रात्री विझल्यासारखी होते आणि सकाळी उजेड झाला की थोड्या वेळात परत चमकते. सकरचं मात्र उलट आहे. दिवसभर तो लाकडाखाली दडतो आणि रात्री काचा चाटत फिरतो. त्याचं खाणं दिवा मालवल्यावरच टाका: बुडणारी एक गोळी पुरते.

आपल्याच उपखंडातल्या ओढ्या-नाल्यांतल्या झेब्राफिशवर झोपेचं बरंच संशोधन झालं आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांना २०१९ मध्ये त्याच्या पारदर्शक पिल्लांच्या मेंदूत झोपेच्या दोन वेगवेगळ्या अवस्था दिसल्या, आपल्या गाढ झोपेशी आणि स्वप्नांच्या झोपेशी जुळणाऱ्या. सतत उजेडात ठेवलं तर या माशाची झोप जवळजवळ उडते, हेही प्रयोगांतून दिसलं आहे. म्हणून रात्रभर झिरो बल्ब लावून ठेवायची सवय आधी सोडा.

टाकीचा दिवा दिवसाला ८ ते १० तास पुरे. घरातली मंडळी संध्याकाळी टाकीसमोर बसत असतील तर दुपारी १२ ते रात्री ९ ही वेळ सोयीची. प्लगमध्ये लावायचा टायमर मिळतो, पण वारंवार लाईन जाते तिथे त्याचं घड्याळ मागे पडतं, म्हणून आठवड्यातून एकदा वेळ जुळवावी. शेवटचं खाणं दिवा मालवण्याच्या दोन तास आधी, दोन मिनिटांत संपेल इतकंच. आधी टाकीचा दिवा बंद करा, खोलीचा अर्ध्या तासाने. एकदम अंधार झाला की मासे घाबरून काचेवर आपटतात, झाकण नसेल तर बाहेर उडी मारतात. सकाळी आधी खिडकी उघडा, टाकीचा दिवा नंतर.

उजेडाची सवय आठवडाभरात लागते. अवघड प्रश्न हवेचा आहे, आणि विदर्भात मार्च ते जून तो जिवावर बेततो. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशांच्या पाण्यात जेमतेम ७. त्यात झाडं दिवसा प्राणवायू सोडतात, पण रात्री तीही माशांसारखीच तो ओढतात. म्हणून पहाटे पाण्यातली हवा सगळ्यात कमी असते. भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांतही ढगाळ, कोंदट रात्रीनंतर पहाटे मासे वर येऊन तोंड मारतात, त्याचं कारण हेच.

झोप आणि गुदमरणं यांतला फरक नीट ओळखा. लाल कागद गुंडाळलेल्या टॉर्चने दहा सेकंद बघा. झोपलेला मासा खाली किंवा मध्ये असतो आणि त्याचे कल्ले सावकाश हलतात. सगळे मासे पृष्ठभागाला तोंड लावून, कल्ले भराभर हलवत असतील तर हवा कमी पडते आहे. एकटा फायटर वर आला तर काळजी नको, तो बाहेरची हवा घेतोच. त्याच्यासाठी झाकण आणि पाणी यांमध्ये दोन बोटं जागा ठेवा.

एअर पंप आवाज करतो म्हणून रात्री बंद करू नका. तो जाड कापडाच्या घडीवर ठेवला की घरघर कमी होते. मात्र त्याची जागा पाण्याच्या पातळीपेक्षा वर हवी. खाली ठेवलेला असेल आणि लाईन गेली, तर पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं: पंप जळतो, जमिनीवर पाणी सांडतं, शॉकची भीती वेगळीच. खाली ठेवणं भागच असेल तर नळीत एकतर्फी व्हॉल्व्ह बसवा, बाण टाकीकडे.

छोटा पंप ३ ते ५ वॅटचा असतो, इन्व्हर्टरला त्याचं ओझं वाटत नाही. इन्व्हर्टर नसेल तर सेलवर चालणारा पंप घेऊन ठेवा. तोही नसेल तर लोट्याने टाकीचंच पाणी घ्या आणि वीतभर उंचीवरून परत ओता, दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं. लाईन नसताना खाणं टाकू नका. फिल्टर बरेच तास बंद राहिला असेल तर सुरू करण्याआधी त्याचा स्पंज टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळून घ्या, नाहीतर आत कुजलेलं पाणी थेट माशांवर येतं.

आता सगळ्यात जास्त दुर्लक्षित गोष्ट: डासांचं औषध. कॉइल, लिक्विड आणि फवारे यांत बहुधा पायरेथ्रॉइड गटाची द्रव्यं असतात. माणसाला जेवढं चालतं तेवढं माशाला चालत नाही, मासे अगदी थोड्या प्रमाणातही मरतात. आणि एअर पंप खोलीतली तीच हवा ओढून पाण्यात सोडतो. टाकी असलेल्या खोलीत मच्छरदाणीच लावा. कपाशीवर फवारणी करून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय, कपडे बदलल्याशिवाय टाकीत हात घालू नका. सायपरमेथ्रिन याच गटातलं आहे.

टिनाच्या छपराखाली नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पाणी रात्रीही गरम राहतं. झाकणाऐवजी जाळी टाका आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा लावा. आपल्याकडची हवा कोरडी असते, म्हणून बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं. कूलर चांगला चालतो तोही याच कारणाने. उडालेलं पाणी रोज भरा. बर्फ थेट टाकू नका, तापमान एकदम घसरलं की मासे धक्क्याने आजारी पडतात.

डिसेंबर-जानेवारीत उलटी काळजी. पाणी २० अंशांखाली गेलं की गप्पी, मॉली, फायटर सुस्त पडतात आणि ती सुस्ती झोपेसारखी दिसते. खरी झोप उजेड झाल्यावर मोडते. थंडीने आलेली सुस्ती दिवस वर आला तरी जात नाही, पर अंगाला चिकटलेले राहतात. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत साधारण ५० लिटर पाणी बसतं. तिला ५० वॅटचा हीटर लावून २५ अंशांवर ठेवा. गोल्डफिशला त्याची गरज नाही. पाणी बदलताना हीटरचा प्लग आधी काढा, उघडा पडलेला गरम हीटर तडकतो.