कूलंटमध्ये इंजिन ऑइल येतंय? हेड उघडायच्या आधी हे बघा

बाईकच्या कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या) टाकीत चहाच्या रंगाचा चिकट थर दिसला की पहिला शब्द येतो हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील, आणि लगेच हेड खोलायची तयारी. थांबा जरा. हेड उघडणं हे शेवटचं काम आहे, आधी बघण्यासारखं बरंच काही आहे.

पहिलं, ते खरंच ऑइल आहे का? इंजिन पूर्ण गार झाल्यावरच रेडिएटर कॅप उघडा, गरम असताना अजिबात नाही, उकळतं कूलंट उडून तोंड-हात भाजतात. थोडं कूलंट काचेच्या ग्लासात काढून तासभर ठेवा. ऑइल असेल तर वर तरंगतं, बोटाला बुळबुळीत लागतं. खाली तांबूस गाळ बसला तर तो गंज. आणि दोन वेगळ्या प्रकारची कूलंटं मिसळली गेली तरी कधीकधी जेलीसारखा गोळा होतो, त्यात ऑइलचा संबंधच नसतो, म्हणून आधी काय-काय ओतलंय ते आठवा.

आता इंजिन ऑइल बघा. चालू इंजिनमध्ये ऑइलचं प्रेशर काही बार असतं आणि कूलिंग सिस्टमचं साधारण 1 बारच्या आसपास, त्यामुळे कुठे गळती असेल तर गाडी चालू असताना ऑइल पाण्यात, म्हणजे कूलंटमध्ये, घुसतं. इंजिन बंद केलं की ऑइलचं प्रेशर लगेच शून्य होतं पण गरम कूलंटचं टिकून राहतं, मग उलटा प्रवास होऊ शकतो. म्हणून गाडी चांगली गरम करा, रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी ऑइलची काच (इंजिनवरची लेव्हल बघायची खिडकी) किंवा डिपस्टिक (लेव्हल मोजायची पट्टी) बघा. ऑइल दुधाळ दिसलं किंवा लेव्हल वाढलेली असली तर गाडी चालवू नका, कारण बहुतेक बाईकमध्ये तेच ऑइल क्लच आणि गिअरबॉक्सलाही जातं, बेअरिंगची वाट लागते. नुसत्या फिलर कॅपखाली (ऑइल ओतायच्या झाकणाखाली) थोडा पांढरा फेस असेल तर मात्र घाबरू नका, थंडीत छोट्या फेऱ्या मारल्या की वाफेचं पाणी तिथे साचतं.

माझा पहिला संशय नेहमी ऑइल कूलरवर, म्हणजे ऑइल गार करणाऱ्या भागावर. ऑइल फिल्टरच्या मागे चपटा डबा आणि त्याला दोन कूलंटचे पाइप असतील तर त्याच्या आत ऑइल आणि पाणी पातळ भिंतीच्या दोन बाजूंना वाहतं, ती भिंत फुटली की झालं. तो काढा, पाण्याची दोन्ही तोंडं स्वच्छ धुवून एक बंद करा, दुसऱ्यातून हलकी हवा द्या आणि पाण्यात बुडवा. ऑइलच्या तोंडातून बुडबुडे आले तर चोर सापडला, हेडला हात लावायची गरजच नाही. हवेवर गार होणारा, पुढे जाळीसारखा वेगळा ऑइल कूलर असेल तर त्यात कूलंट जातच नाही, तो सोडून द्या.

वॉटर पंपवर सगळे बोट दाखवतात, पण त्यात सहसा दोन सील आणि मधे बाहेर उघडणारं एक बारीक भोक असतं, सील गेलं की तिथून बाहेर थेंब पडतात. ते भोक चिखलाने बुजलं असेल तरच आतल्या आत मिसळायची शक्यता, तर एकदा तारेने साफ करून बघा.

हे सगळं ठीक निघालं की मग हेड गॅस्केट. इथे लोक फसतात ते कॉम्प्रेशन टेस्टमुळे (सिलिंडरमधला दाब मोजायची टेस्ट)! गॅस्केट फक्त ऑइलच्या आणि पाण्याच्या वाटेमध्ये फाटलेलं असेल तर कॉम्प्रेशन एकदम छान येतं, कूलंटमध्ये धुराचे बुडबुडेही नसतात, आणि तरी गॅस्केट गेलेलंच असतं. हेड काढलंत तर स्ट्रेट एज (सरळ पट्टी) आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) सपाटपणा बघा, मर्यादा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधली. हेडला तडा आहे का तेही प्रेशर टेस्टने बघून घ्या, नाहीतर नवीन गॅस्केट टाकून तोच त्रास परत.

दुरुस्तीनंतर कूलिंग सिस्टम डिग्रीजरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने) धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा, थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून. रबरी पाइप दाबून बघा, ऑइलने फुगून मऊ पडले असतील तर बदलाच. ऑइल दुधाळ झालं होतं तर तेही फिल्टरसकट बदला. कितीही धुतलं तरी थोडं जुनं ऑइल कुठेतरी राहतंच, म्हणून पहिल्या काही फेऱ्यांनंतर टाकीत बारीक तवंग दिसला तर तो पुसून घ्या आणि वाढतोय का एवढंच बघत राहा.