बारावीत इंटिग्रेशनचं गणित मध्येच अडतंय? माझं असं सुटलं

फळ्यावर सर करायचे तेव्हा सगळं कळायचं, घरी वही उघडली की तिसऱ्या ओळीला गाडी अडायची. सूत्रं भिंतीवर चिकटवली, व्हिडिओ बघितले, क्लास बदलला, काही फरक नाही. दिवाळीपर्यंत अक्षरशः रडकुंडीला आलो होतो.

मग चुकलेली २० गणितं काढली आणि प्रत्येकात नेमकं जिथे अडलो तिथे लाल पेनने खूण केली. १३ खुणा इंटिग्रेशनवर नव्हत्याच, दहावीचं बीजगणित आणि अकरावीचं ट्रिगनॉमेट्री कच्चं होतं!

आधी चार दिवस फक्त दहावीची पूर्ण वर्ग पद्धत केली. उदाहरणार्थ १ भागिले (एक्स वर्ग + ६एक्स + १३), यात ६ चं निम्मं ३, त्याचा वर्ग ९, म्हणजे छेद झाला (एक्स + ३) चा वर्ग + २ चा वर्ग, आता सरळ टॅन इन्व्हर्सचं सूत्र लागतं, बाहेर १/२ येतो तो विसरू नका. मग आठवडाभर साइन वर्ग = (१ − कॉस २एक्स)/२ असली रूपांतरं, न बघता लिहून. त्यानंतरच तीच २० गणितं कोऱ्या पानावर परत सोडवली आणि प्रत्येक उत्तराचं डेरिव्हेटिव्ह काढून मूळ फंक्शन येतंय का बघितलं. १७ बरोबर आली.