एकही क्वेरी स्लो नाही, तरी पान उघडत नाही: लॉगमधून कारण कसं शोधावं

पान उघडायला चार सेकंद लागतात आणि डेटाबेस सांभाळणारे म्हणतात, आमच्याकडे एकही क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) स्लो नाही. बरेचदा दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. क्वेरी किती वेळ चालली हे आपण बघतो. किती वेळा चालली आणि तिने किती रो (टेबलातल्या ओळी) ओढून आणल्या, हे मोजायचं राहून जातं.

सुरुवात डेटाबेसच्या लॉगपासून, म्हणजे त्याच्या नोंदींपासून करा. मायएसक्यूएल या डेटाबेसचा स्लो क्वेरी लॉग चालू केला तरी त्याची मूळ मर्यादा १० सेकंदांची असते, म्हणजे ९ सेकंद खाणारी क्वेरी त्यात येतच नाही. ती मर्यादा अर्ध्या सेकंदावर आणा. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ‘लॉग मिन ड्युरेशन स्टेटमेंट’ हे त्याच मर्यादेचं सेटिंग मुळात उणे १, म्हणजे बंद असतं. तिथे आकडा मिलिसेकंदांत द्यायचा. ० दिला की प्रत्येक क्वेरी नोंदली जाते. टेस्ट सर्व्हरवर ० खुशाल ठेवा, लाइव्ह सर्व्हरवर मात्र काही मिनिटांपुरताच, नाहीतर लॉगनेच डिस्क भरेल.

मायएसक्यूएलच्या नोंदीत वेळेबरोबर आणखी दोन आकडे असतात: पाठवलेल्या रो आणि तपासलेल्या रो. मी आधी हेच बघतो. १२ रो पाठवायला १८ लाख तपासल्या असतील, तर बहुधा योग्य इंडेक्स (हव्या त्या रो पटकन शोधून देणारी सूची) नाही. अशी क्वेरी ‘एक्स्प्लेन’ लावून पाहा, डेटाबेस ती कशी चालवणार ते कळतं. पोस्टग्रेसचं ‘एक्स्प्लेन अ‍ॅनालाइज’ क्वेरी खरोखर चालवतं, त्यामुळे डिलीट किंवा अपडेटवर ते वापरायचं तर ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के किंवा रद्द होणारे बदल) उघडून, आणि शेवटी रोलबॅक करून, म्हणजे बदल मागे घेऊन.

आता अ‍ॅप्लिकेशनकडे या. खरं दुखणं बहुतेकदा इथेच सापडतं. प्रत्येक रिक्वेस्टला एक आयडी द्या, तो प्रत्येक क्वेरीच्या नोंदीत छापा आणि रिक्वेस्ट संपताना एकूण क्वेरी आणि एकूण रो एका ओळीत लिहा. समजा, २०० ऑर्डरींची यादी दाखवायची आहे. एका क्वेरीने ऑर्डरी आल्या, मग प्रत्येक ऑर्डरीच्या ग्राहकाचं नाव आणायला आणखी २००. प्रत्येकीला जाण्यायेण्यासकट ७ मिलिसेकंद धरले, तरी सुमारे १.४ सेकंद तिथेच गेले. स्लो लॉगमध्ये यातली एकही दिसणार नाही. ओआरएम (कोडवरून क्वेरी आपोआप बनवणारी लायब्ररी) वापरणाऱ्यांना हे फार नडतं, कारण ही क्वेरी कोडमध्ये कुठे लिहिलेलीच नसते.

रो आणण्याचा वेळ वेगळा मोजा. क्वेरी पाठवल्यापासून पहिली रो हातात येईपर्यंत एक वेळ, शेवटची रो वाचून होईपर्यंत दुसरी. ओरॅकल डेटाबेसच्या जेडीबीसी ड्रायव्हरचा (जावा प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणाऱ्या भागाचा) फेच साइझ, म्हणजे एका खेपेत येणाऱ्या रोंची संख्या, मुळात १० असतो. १०,००० रो आणायच्या तर सुमारे १,००० खेपा होतात. तो ५०० केला की २०. पोस्टग्रेसच्या जेडीबीसी ड्रायव्हरचं याच्या उलट आहे: तो मुळात सगळा निकाल एकदम मेमरीत घेतो. तुकड्या-तुकड्यांनी हवा असेल तर फेच साइझ द्या आणि ऑटोकमिटही (प्रत्येक क्वेरी आपोआप पक्की होणं) बंद करा.

क्वेरीबरोबर तिच्या व्हॅल्यू छापताना पासवर्ड, फोन नंबर झाकायला विसरू नका. लॉग कितीतरी जण उघडतात.

एका वेळी एकच बदल करा आणि तीच रिक्वेस्ट, तेवढ्याच डेटावर, पुन्हा चालवा. वरच्या ऑर्डरींच्या यादीत जॉइन लावल्यावर, म्हणजे ऑर्डरी आणि ग्राहक एकाच क्वेरीत जोडून आणल्यावर, एकूण क्वेरींचा आकडा २०१ च्या जागी १ दिसायला हवा. अजून २०१ च दिसत असेल, तर बदल भलत्याच ठिकाणी झाला आहे.