गाडीवरून पडल्यानंतर पुन्हा चालवायला लागताना: या चुका टाळा

"काय झालं?" असे कुणी विचारले, की नवशिक्या मोटारसायकलस्वाराचे उत्तर ठरलेले असते: "गाडी स्लिप झाली." या वाक्यात कर्ता गाडी आहे, चालवणारा त्यात कुठेच नाही. मी स्वतः शिकल्यानंतर तिसऱ्याच महिन्यात सासवडच्या पुढे एका फाट्यावर पडलो, तेव्हा जवळपास तीन आठवडे भेटेल त्याला हेच वाक्य ऐकवत होतो, आणि त्याच तीन आठवड्यांत गाडीची किल्ली उचलली तरी तळहाताला घाम फुटत होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले. गाडी आपणहून घसरली असेल, तर ती कुठेही आणि केव्हाही घसरू शकते. मग प्रत्येक वळण, प्रत्येक ओला पट्टा आणि मागून येणारा प्रत्येक हॉर्न धोक्याचाच वाटू लागतो. पडण्याचे नेमके कारण कळले, तर भीती नाहीशी होत नाही, पण ती त्या कारणापुरती उरते, आणि तेवढ्या भीतीवर सराव करता येतो.

येथे विचार केला आहे तो खरचटणे, मुका मार किंवा लहानसे हाड मोडणे इथवर निभावलेल्या अपघातांचा. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर गाडी केव्हा चालवायची, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

कारण न शोधताच पुन्हा गाडीवर बसणे

पडल्यानंतर घरात दोन तट पडतात. आई किल्ली लपवून ठेवते, काका किंवा मित्र म्हणतात, "सायकल शिकताना गुडघे फुटले नव्हते का? उद्यापासून चालव." कुणी गाडीला लिंबू-मिरची बांधते. त्याला माझा आक्षेप नाही. मात्र त्यामुळे चौकशी संपली असे समजू नये.

चौकशीची सर्वांत चांगली पद्धत म्हणजे दुखणे कमी झाल्यावर त्या जागी गाडीशिवाय, पायी जाऊन येणे. रहदारी कमी असताना कडेला उभे राहून काही प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत: वेग किती होता, गिअर कोणता होता, कोणता ब्रेक आधी दाबला, दाबताना हँडल सरळ होते की वळलेले, नजर कुठे होती, रस्त्यावर काय होते आणि ते किती अंतरावरून दिसू शकले असते. माझ्या फाट्यावर डाव्या कडेला बारीक खडी पसरलेली होती आणि ती पंधरा-वीस पावलांवरून स्वच्छ दिसत होती. मी ती पाहिली नव्हती, कारण वळताना मी पुढच्या चाकाकडे पाहत होतो. ती दिसल्यावर दचकून पुढचा ब्रेक आवळला, तोही हँडल वळलेले असताना. "गाडी स्लिप झाली" या एका वाक्यामागे अशा तीन वेगळ्या चुका होत्या, आणि तिन्ही सुधारण्यासारख्या होत्या.

चूक समोरच्याची असली तरी हा हिशेब टाळू नये. रिक्षा अचानक थांबली असेल, तर त्याआधी दोन सेकंद कडेच्या प्रवाशाने हात केलेला दिसत होता का, उभ्या मोटारीचा दरवाजा उघडला असेल, तर आत चालकाचे डोके दिसत होते का, एवढे पाहावे. यात स्वतःला दोष देण्याचा हेतू नाही. दुसऱ्याची चूक आपल्या हातात नसते, पण तिची चाहूल पुष्कळदा आपल्याला आधी लागू शकते, आणि पुढच्या वेळी उपयोगी पडते ती ही चाहूलच.

पुढच्या ब्रेकला गुन्हेगार ठरवणे

"पुढचा ब्रेक लावू नकोस, पडशील" हा सल्ला आपल्याकडे बहुतेक घरांत मिळतो, आणि एकदा पडलेल्या माणसाला तो शंभर टक्के खरा वाटू लागतो. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, तसा तो यापुढे उजव्या हाताची बोटे ब्रेकपासून लांबच ठेवतो आणि फक्त उजव्या पायावर गाडी थांबवू लागतो. माझ्या मते पडल्यानंतर होणाऱ्या चुकांत ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

ब्रेक लागताच गाडीचे आणि आपले वजन पुढे झुकते. पुढचे चाक रस्त्यावर अधिक दाबले जाते, मागचे हलके होते. हलके झालेले चाक थोड्याशा दाबानेही जाम होते आणि फरफटत जाते. त्यामुळे केवळ मागच्या ब्रेकवर थांबायला दोन्ही ब्रेक नीट वापरण्याच्या तुलनेत जवळपास दुप्पट अंतर लागते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. समोरचे दिसून बोटे हलेपर्यंत तो एक सेकंद गेलेलाच असतो, म्हणजे ब्रेक लागण्याआधीच ११ मीटर संपलेले असतात. वेग ६० झाला, की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दीडपट नव्हे, तर सव्वादोनपट होते. गाडी थांबवण्याचे बहुतांश काम करणारा ब्रेकच ज्याने वर्ज्य केला, तो सावध झालेला नसतो. पुढच्या अपघाताची तयारी तो नकळत करत असतो.

मग पुढच्या ब्रेकने माणसे पडतात, ती का? टायरची रस्त्यावरची पकड ही शिदोरीसारखी असते: वळण्यासाठी जेवढी खर्च झाली, तेवढी ब्रेकसाठी उरत नाही. हँडल वळलेले किंवा गाडी कललेली असताना पुढचा ब्रेक एकदम आवळला, तर शिदोरी संपते आणि पुढचे चाक बाजूला सरकते. खडी, वाळू, शेण, सांडलेले डिझेल, ओले पांढरे पट्टे किंवा गळिताच्या हंगामात ट्रॅक्टरमधून पडून चिरडलेला ऊस असेल, तर ती मुळातच तुटपुंजी असते. म्हणजे दोष ब्रेकचा नसून तो केव्हा आणि कसा दाबला, याचा आहे. वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच कमी करायचा आणि वळणात शिरल्यावर ब्रेकची गरज पडू द्यायची नाही, हा त्यावरचा उपाय आहे.

यासाठी मोकळे, कोरडे मैदान किंवा सुट्टीच्या दिवशी रिकामा असणारा पक्का आवार शोधावा. ताशी २० किलोमीटर वेगाने सरळ जात, एका खुणेपाशी आल्यावर दोन्ही ब्रेक एकत्र लावावेत. पुढचा ब्रेक मात्र झटक्याने न आवळता, लिंबू पिळताना आपण दाब वाढवत नेतो तसा वाढवत न्यावा. नजर खाली न घालता समोर ठेवावी आणि गाडी थांबायच्या आधी क्लच दाबावा. दहा वेळा केल्यावर आपण किती पावलांत थांबतो, ते मोजावे. नंतर वेग ३० आणि मग ४० करावा. दोन-तीन सकाळी हे केल्यावर थांबण्याचे अंतर कमी होत जाताना दिसते, आणि मनाला कुणाच्याही धीराच्या शब्दांपेक्षा तो पावलांचा आकडा लवकर पटतो.

आपल्या गाडीला कोणती यंत्रणा आहे, हेही माहीत असावे. भारतात एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे आहे. त्याखालच्या गाड्यांना निदान सीबीएस असते, ज्यात मागचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो. अनेक गाड्यांवरचे एबीएस एकाच, म्हणजे पुढच्या चाकापुरते असते, त्यामुळे मागचे चाक जाम होऊ शकते. शिवाय साधे एबीएस सरळ रेषेत चाक जाम होऊ देत नाही, म्हणून ते कललेल्या गाडीलाही सांभाळेल असे समजू नये.

शरीर आणि गाडी ठीक आहेत असे गृहीत धरणे

पडल्यानंतर पहिले काही तास शरीर वेदना झाकून ठेवते. माणूस उठतो, कपडे झटकतो, "काही नाही, काही नाही" म्हणत गाडी सुरू करतो आणि रात्री मनगट सुजते. पडताना आपण तळहात टेकतो, तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्याखालचे लहान हाड मोडू शकते, आणि हे मोडणे पहिल्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसतही नाही. त्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर "एक्स-रे नॉर्मल आहे" एवढ्यावर न थांबता दहा-बारा दिवसांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी. उजव्या मनगटात जोर नसेल, तर पुढचा ब्रेक नीट दाबला जात नाही, आणि त्यातून येणारी अस्थिरता आपण मनाची भीती समजून बसतो. डोक्याला मार लागल्यावर उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी किंवा गोंधळल्यासारखे वागणे दिसले, तर त्याच वेळी रुग्णालय गाठावे.

गाडीचेही तसेच आहे. वाटेवरच्या गॅरेजमध्ये पुढचे चाक दोन पायांत धरून पिळून सरळ केलेले हँडल वरवर सरळ दिसते, पण शॉकअप पिळलेले राहिले असेल, तर गाडी एका बाजूला ओढते. चालवणाऱ्याला वाटते, आपलाच तोल गेला आहे. माझ्या ओळखीच्या एका मुलीने दोन महिने स्वतःला भित्री ठरवले होते. प्रत्यक्षात तिच्या गाडीचा मागचा ब्रेक पडल्यामुळे वाकून अर्धवट लागलेलाच राहत होता. म्हणून पहिल्या फेरीआधी गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने फिरवून पाहावे आणि मेकॅनिककडून पुढचे चाक उचलून तेही तपासावे. हँडल दोन्ही टोकांना न अडकता वळते का, ब्रेक आणि क्लचचे लिव्हर वाकलेले नाहीत ना, फूटरेस्ट जागेवर आहे का, हे पाहावे आणि टायरमधली हवा मोजून घ्यावी.

हेल्मेट आपटले असेल, तर ते बदलावे. आतला थर्मोकोलसारखा थर एकदा चेपला जाण्यासाठीच असतो. बाहेरून ओरखडा नसला तरी चेपलेला भाग दुसऱ्यांदा तेवढा धक्का शोषत नाही. नवे घेताना आयएसआय चिन्ह पाहावे.

बैलगाडीच्या वेगाने, पाय लोंबकळत ठेवून चालवणे

घाबरलेला चालक हमखास ओळखू येतो: वेग पंधराच्या आसपास, दोन्ही पाय जमिनीलगत, कोपरे ताठ आणि नजर चाकासमोरच्या दोन हातांवर. यातली प्रत्येक गोष्ट सुरक्षित वाटते आणि प्रत्येक गोष्ट तोल बिघडवते. मोटारसायकल धावत असताना स्वतःला बऱ्याच अंशी सावरते. अगदी कमी वेगात ते सगळे काम आपल्यावर येते. पाय खाली असतील, तर मागचा ब्रेक पायाखाली नसतो आणि घोटा मुरगळण्याची भीती असते. हँडल घट्ट धरले, की रस्त्यावरचा प्रत्येक हादरा हातांतून पुन्हा हँडलमध्ये जातो आणि गाडी अधिकच हलते.

गुडघ्यांनी पेट्रोलची टाकी धरावी, म्हणजे हातांवरचा भार आपोआप कमी होतो. कोपरे थोडी वाकलेली ठेवावीत. आणि नजर जिथे जायचे आहे तिथे ठेवावी, कारण खड्ड्याकडे टक लावून पाहणारा बहुधा खड्ड्यातच जातो. शेजारची मोकळी जागा पाहिली, तर गाडीही तिकडे वळते.

भीती एका झटक्यात घालवू पाहणे, किंवा तिला कायम चुकवत राहणे

मित्रांचा गट रविवारी पहाटे सिंहगडाला किंवा ताम्हिणी घाटात नेऊन "भीती मोडून काढतो", तेव्हा हेतू चांगला असतो, पण नवशिक्या चालक आपल्या वेगाने न जाता पुढच्या गाडीच्या वेगाने चालवू लागतो, आणि घाटातल्या वळणावर हे परवडत नाही. उलट, "पुढच्या महिन्यात बघू" म्हणत गाडी झाकून ठेवली, की प्रत्येक वेळी टाळल्यावर मिळणारा सुटकेचा निःश्वासच टाळण्याची सवय पक्की करतो.

या दोहोंच्या मध्ये पायऱ्या असाव्यात: मैदान, मग आपल्याच गल्ल्या, मग सकाळी सहाचा रिकामा रस्ता, मग पडलो ती जागा दिवसाउजेडी, मग कामाच्या वेळची रहदारी, त्यानंतर रात्र, आणि घाट सगळ्यात शेवटी. पायरी किती दिवसांत चढायची हे ठरवून ठेवू नये. फेरी संपल्यावर खांदे आणि मनगटे सैल आहेत का, हे पाहावे. सलग तीन फेऱ्यांत ती सैल असतील, तर पुढे जावे, नसतील तर त्याच पायरीवर थांबावे. मागे कुणाला बसवण्याची घाई करू नये. मागच्या माणसाच्या वजनाने तोल आणि थांबण्याचे अंतर दोन्ही बदलतात, आणि "हळू, हळू" म्हणणारी आवडती व्यक्ती मागे असली, तर लक्ष आणखी विभागते.

महिना उलटूनही अपघाताची स्वप्ने पडत असतील, हॉर्न ऐकून दचकायला होत असेल किंवा दुसऱ्याच्या गाडीवर मागे बसणेही अशक्य वाटत असेल, तर हे सरावाने सुटणारे प्रकरण नाही, आणि त्यात कमीपणाही नाही. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशकाशी बोलता येते.

पावसाची पायरी मात्र ऋतूने दिलेल्या वेळीच चढावी लागते. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ पहिल्या सरीत वर येते आणि रस्ता पुढच्या मुसळधार पावसात असतो त्याहूनही निसरडा होतो. एकदा रस्ता धुऊन निघाला, की पकड बरीच सुधारते. अंतर दुप्पट ठेवून, ब्रेक आधीच आणि हलका लावून, गटाराची झाकणे व रंगवलेले पट्टे शक्यतो सरळ ओलांडून ओल्या रस्त्यावरचा सराव करावा. पहिल्या पावसाच्या पहिल्या अर्ध्या तासात मात्र मी आजही गाडी एखाद्या टपरीच्या आडोशाला लावतो आणि चहा सांगतो.