नव्याने विश्वासात आलेल्यांनी संकटकाळात या चुका टाळाव्यात

बाप्तिस्म्यानंतरच्या पहिल्या वर्ष-दोन वर्षांत नोकरी गेली, घरात मोठे आजारपण आले किंवा माहेरचे दार बंद झाले, की नव्या विश्वासी माणसाला दोन्हीकडून ऐकून घ्यावे लागते. नातेवाईक म्हणतात, "कुळाचा देव सोडलास, त्याचे हे फळ." मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, एखादा उत्साही बंधू विचारतो, "प्रार्थनेत कमी तर पडत नाहीस ना?" दोघांच्या बोलण्याचा अर्थ एकच होतो, की दुःख आले म्हणजे तुमचेच काहीतरी चुकले असले पाहिजे. पुढच्या बहुतेक चुका हे म्हणणे खरे मानल्यामुळे होतात.

दुःखामागचे पाप शोधत बसणे

घरच्यांचे मन राखण्यासाठी गणपतीच्या आरतीला उभा राहिलो म्हणून मूल आजारी पडले का, रविवारची उपासना चुकली म्हणून धंदा बसला का, असा हिशोब रात्ररात्र चालतो. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनीही येशूला हेच विचारले होते, की पाप याने केले की याच्या आईबापांनी. येशूने दोन्ही उत्तरे नाकारली. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तीही इतरांपेक्षा अधिक पापी नव्हती, असे त्याने स्पष्ट सांगितले. खरोखर कोणाचा अपराध केला असेल तर तो कबूल करावा, भरपाई करावी आणि तो विषय तेथेच संपवावा. नसलेला अपराध उकरून काढणे हा पश्चात्ताप नव्हे.

बाप्तिस्मा म्हणजे संकटांपासून सुटका, असे समजणे

"जगात तुम्हांला क्लेश होतील," हे शब्द येशूने आपल्या सर्वांत जवळच्या माणसांना सांगितले होते. पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपल्याला परके नाही. आईवडील दुष्काळात गेले, पुढे भाऊ आणि पतीही गेले, आणि 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही दुःखाने त्यांची पाठ सोडली नाही; 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. अखेरच्या त्या दिवसांतही केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांचे बायबलच्या मराठी भाषांतराचे काम चालू होते.

प्रार्थना केली म्हणून औषध बंद करणे

ही चूक जिवावर बेतू शकते, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. प्रार्थनेनंतर बरे वाटू लागले, की पुन्हा गोळी घेणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे नव्या माणसाला वाटते, आणि कधीकधी तसे त्याला सांगितलेही जाते. क्षयरोगात काही आठवड्यांतच खोकला आणि ताप कमी होतो, परंतु साध्या क्षयाचे औषध साधारण सहा महिने घ्यावे लागते. मध्येच थांबल्यास आजार उलटतो आणि त्याच औषधांना दाद न देणारा होऊ शकतो. मधुमेहात इन्शुलिन आणि अपस्मारात फिट्सच्या गोळ्या अचानक सोडणे याहूनही घातक आहे. प्रेषित पौलाच्या हातून रोगी बरे होत असत, तरी त्याने आपला सहकारी तीमथ्य याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले, दुसरा सहकारी त्रफिम याला आजारी अवस्थेत मिलेत नगरात ठेवले, आणि स्वतःच्या शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती करूनही तो काटा गेला नाही. यांपैकी कोणालाही त्याने अल्पविश्वासी ठरवले नाही. प्रार्थना अवश्य करावी, पाळकांना घरी बोलवावे, तेल लावून प्रार्थना करून घ्यावी, पण गोळीचा डबा जेथे आहे तेथेच राहू द्यावा आणि औषध कमी करण्याचा निर्णय फक्त डॉक्टरांनी घ्यावा. जो कोणी औषध फेकायला सांगतो, त्याचे या बाबतीत ऐकू नये, मग तो मंडळीत कितीही मोठा असो.

मनाच्या आजाराचेही तसेच आहे. झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर 14416 या टेली मानसच्या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते.

मंडळीत हसरा चेहरा घालून बसणे

साक्षीच्या वेळी, म्हणजे उपासनेत आपला अनुभव सांगण्याच्या वेळी, जो उठतो तो बहुधा मिळालेल्या उत्तराबद्दलच बोलतो, त्यामुळे उत्तर न मिळालेला माणूस मागच्या रांगेत गप्प राहतो आणि हळूहळू येणेच सोडतो. स्तोत्रसंहितेत मात्र रडगाणी भरपूर आहेत. तेरावे स्तोत्र "कोठवर?" असे देवालाच विचारते, आणि अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते. बोलायला शब्द सुचत नसतील तर ही स्तोत्रे मोठ्याने वाचावीत. सगळ्यांसमोर उभे राहणे जमत नसेल, तर एका प्रौढ विश्वासी व्यक्तीला, शक्यतो स्वतः दुःख सोसलेल्या व्यक्तीला, सर्व काही सांगावे.

घरच्यांच्या प्रत्येक रागाला छळ म्हणणे

1895 मध्ये कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. ते दुःख होते, वैर नव्हते. पुढे दोघे एकत्र आले तेव्हाही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे सोडले नव्हते, आणि 1900 मध्ये त्या स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. तुमच्या आईचे अबोला धरणेही बहुधा तसेच असते. घरच्या लग्नाला जावे, आजाऱ्याची सेवा करावी, वाद उकरून काढू नये.

मारहाण, कोंडून ठेवणे किंवा घराबाहेर काढणे मात्र वेगळे. ते निमूट सोसणे हा क्रूस वाहणे आहे, असे कोणी सांगितले तरी मानू नये. फटक्यांसाठी बांधले जात असताना पौलाने आपले रोमी नागरिकत्व पुढे केले होते. आपल्याकडे तातडीच्या मदतीसाठी 112 आणि महिलांसाठी 181 हे क्रमांक आहेत, आणि ते वापरल्याने क्षमाशीलतेला बाध येत नाही.