एनएसएक्समध्ये संशयास्पद ट्रॅफिक ओळख सुरू करण्यापूर्वीची तयारी

व्हीएमवेअर एनएसएक्स (डेटा सेंटरचे नेटवर्क आणि त्याची सुरक्षा सांभाळणारे सॉफ्टवेअर) मधील संशयास्पद ट्रॅफिक ओळखण्याची सोय डिटेक्टरांवर, म्हणजे ठरावीक प्रकारचे संशयास्पद वर्तन शोधणाऱ्या घटकांवर चालते, आणि हे डिटेक्टर सुरुवातीला बंद असतात. ते चालू करणे हे काही क्लिकचे काम असले तरी आधीची तयारी अपुरी राहिल्यास पडदा कोरा राहतो, आणि कोरा पडदा म्हणजे नेटवर्क सुरक्षित आहे असा गैरसमज सहज होतो.

सर्वप्रथम आपला परवाना या सुविधेला लागू आहे का, हे तपासावे. त्यानंतर कुबरनेटिस (कंटेनर चालवणारी प्रणाली) क्लस्टरवर एनएसएक्स ॲप्लिकेशन प्लॅटफॉर्म बसवून त्यावर एनएसएक्स इंटेलिजन्स सक्रिय करावे लागते, कारण डिटेक्टर ज्या फ्लोंचे (दोन मशिनांमधल्या नेटवर्क व्यवहारांच्या नोंदींचे) विश्लेषण करतात ते इंटेलिजन्सच गोळा करते. प्रत्यक्ष वापरासाठी प्लॅटफॉर्मचा ॲडव्हान्स्ड आकार निवडावा. त्यात किमान 3 वर्कर नोड आणि प्रत्येकी 16 व्हीसीपीयू (व्हर्च्युअल प्रोसेसर) व 64 जीबी मेमरी धरलेली असते. ही साधने इतर व्हर्च्युअल मशिनांच्या वाट्यातून काढून भागवण्याचा मोह टाळावा. डिटेक्टर चालू-बंद करण्यासाठी एंटरप्राइझ ॲडमिन भूमिका असलेले खाते वापरावे. एनएसएक्स मॅनेजर, होस्ट आणि प्लॅटफॉर्म यांची घड्याळे एकाच एनटीपी (वेळ जुळवणाऱ्या) सर्व्हरशी जुळलेली असावीत.

ज्या ईएसएक्सआय होस्टांवर (व्हर्च्युअल मशिन चालवणाऱ्या सर्व्हरांवर) किंवा क्लस्टरांवर नजर ठेवायची आहे, त्यांचे डेटा संकलन इंटेलिजन्सच्या सेटिंगमध्ये चालू आहे का, ते पाहावे. त्याच ठिकाणी खासगी आयपी रेंजची यादी असते, आणि माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष होते ते याच यादीकडे. 10.0.0.0/8, 172.16.0.0/12 आणि 192.168.0.0/16 या आरएफसी 1918 (खासगी पत्ते ठरवणारे इंटरनेट मानक) मधील रेंज सर्वांच्या परिचयाच्या आहेत. परंतु एखादी संस्था आपल्या मालकीचे पब्लिक पत्ते डेटा सेंटरच्या आत वापरत असेल, तर ते यादीत घातल्याशिवाय दोन अंतर्गत मशिनांमधला व्यवहार इंटरनेटकडे जाणारा समजला जातो, आणि आत-बाहेर हा भेद करणाऱ्या डिटेक्टरांचा निष्कर्षच चुकतो.

डीएनएस टनेलिंग (डीएनएस विचारणांत दडवून डेटा पाठवणे) आणि डीजीए (मालवेअरने आपोआप तयार केलेली डोमेन नावे) ओळखणाऱ्या दोन डिटेक्टरांना केवळ फ्लोची नोंद पुरत नाही. कोणत्या डोमेन नावाची विचारणा झाली, हेही त्यांना दिसावे लागते. त्यासाठी डिस्ट्रिब्यूटेड फायरवॉलमध्ये पोर्ट 53 वरील टीसीपी व यूडीपी ट्रॅफिकसाठी डीएनएस कॉन्टेक्स्ट प्रोफाइल (ट्रॅफिक कोणत्या ॲप्लिकेशनचे आहे हे ओळखणारी व्याख्या) जोडलेला लेयर 7, म्हणजे ॲप्लिकेशन पातळीवरचा नियम तयार करावा. फायरवॉल नियम वरून खाली तपासते आणि पहिला जुळणारा नियम लागू करते. त्यामुळे ‘सर्वांना परवानगी’ देणारा एखादा व्यापक नियम वर राहिला, तर खालचा डीएनएस नियम असून नसल्यासारखा होतो.

यानंतर सिक्युरिटी विभागातील सस्पिशियस ट्रॅफिक या पानावर डिटेक्टर डेफिनिशन्समध्ये जावे. सर्व डिटेक्टर एकदम चालू करण्याऐवजी आडवे आणि उभे पोर्ट स्कॅन ओळखणारे डिटेक्टर आधी घ्यावेत: पहिला एकच पोर्ट अनेक मशिनांवर चाचपला जात आहे का, हे पाहतो, तर दुसरा एकाच मशिनचे अनेक पोर्ट. संस्थेचा स्वतःचा व्हल्नरेबिलिटी स्कॅनर नेमके हेच करतो, म्हणून त्याचा पत्ता या डिटेक्टरांच्या अपवाद यादीत आधीच नोंदवावा. नेहमीच्या वर्तनाशी तुलना करणाऱ्या डिटेक्टरांना मात्र ते नेहमीचे वर्तन शिकण्यास काही काळ लागतो. तेवढ्यात सूचना आल्या नाहीत म्हणून त्यांची संवेदनशीलता वाढवू नये.